रिकाम्या गाडीची चेन

संकष्टीला चंद्रोदय होईपर्यंत आमच्या गच्चीवर सगळी जमतात. गोष्ट चालू असली की उपासाची पोटं जरा गप्प राहतात. सांगायला झुंबरकाका असतात, माझ्या सासऱ्यांचे सायखेड्याचे मित्र. त्या रात्री माझ्या पुतणीने, चैतालीने विचारलं, "काका, भूत तुम्ही स्वतः पाहिलंय?"

"नाय बुवा. पण मोतीरामची चेन पाहिली. ह्या हातानं."

"चेनचं भूत?" चैताली हसली.

"आधी ऐक. मग हस."

काका सांगू लागले. मोतीराम माझा शेजारी. त्याची सत्त्याहत्तर सालची बुलेट अजून चालू आहे, आणि तिला दुसऱ्याचा पाना कधी लागलेला नाही. चेन ताणायची त्याची पद्धत ठरलेली. गाडी साइड स्टँडवर, मागच्या सीटवर चंद्रभागावहिनी आणि हा खाली उकिडवा. माणूस बसला की मागचं शॉकअप दबतं अन् चेन ताठ होते. म्हणून वजन ठेवूनच चेन बघायची. खालून दाबली की दोन बोटं हलली पाहिजे. "रिकाम्या गाडीची चेन खोटं बोलती," असं म्हणायचा.

वहिनी वर बसून शेंगा सोलायच्या. "मी काय तुमचं वजनाचं माप हाय का?"

"हलू नको."

"दूध उतू गेलं तर तुम्हीच पुसा मग."

बत्तीस वर्षं हेच चाललं. मग वहिनी गेल्या. गाडी पत्र्याखाली उभी राहिली. मागची सीट रिकामी घेऊन फिरणार नाही, म्हणाला. विंचूरला त्याच्या भाच्याचं, अमोलचं गॅरेज आहे. त्याला सांगून टाकलं, वर्षश्राद्ध झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी ये अन् गाडी घेऊन जा. आम्ही समजावलं. ऐकलं नाही.

दोन वर्षं झाली त्याला. माघ वद्य षष्ठी, वहिनींच्या वर्षश्राद्धाचा दिवस. शेवटची फेरी म्हणून बुलेटवरच एकटा रामकुंडावर गेला. विधी दुपारीच आटोपला, पण घरी वाट बघणारं कोण? दिवे लागून गेले तरी घाटावर बसून राहिला. साडेआठला निघाला. लाखलगाव मागे पडलं आणि चेन गार्डवर खडखडायला लागली. उतरून चाकात अडकली असती तर तिथंच आडवा झाला असता. थांबला. नऊ वाजून वीस मिनिटं. चंद्र उगवायला दीड तास तरी होता. दोन्ही अंगांना द्राक्षबागा, माणूस कुठेच नाही.

मोबाईल दगडाला टेकवून उजेड केला. चेन दाबून पाहिली, पाच बोटं सैल. चाकाचा नट ढिला केला, चेन ताणायच्या दोन्हीकडच्या चकत्या एकेक खाच फिरवल्या. चार बोटं. आणखी एक खाच. तीन. आता वर बसवायला कुणी नव्हतं. अंदाजाने असू दे, म्हणत त्याने पान्याला हात घातला.

तेवढ्यात शॉकअप कुरकुरलं.

त्याने चेन दाबली. एक बोट.

चकत्यांना हात लावला नव्हता. मग चेन ताठ झाली कशी? एखादी कडी आखडली असेल. गाडी वीतभर ढकलायला गेला. जड. बुलेट जड असतेच. पण ही… कुणी बसल्यासारखी जड.

खाली बसला. पुन्हा दाबली.

एकच बोट.

वर बघायचं होतं. मान उचलेना. वारा नाही. कुत्रं नाही. बागेत पान हलत नाही…

सीटवर कुणी जरा सरकून बसावं, तसं शॉकअप पुन्हा कुरकुरलं.

आणि मोतीरामच्या तोंडून सवयीनं गेलं, "हलू नको."

…

गाडी गप्प झाली.

एक खाच मागे घेतली. दाबली. दोन बोटं. बरोबर दोन. नट आवळला. मग वर पाहिलं.

सीट रिकामी.

किक मारली. घरापर्यंत मागे पाहिलं नाही. पण खड्डा आला की गाडी हळू करायचा… मागे कुणी असल्यावर करतात तशी. अंगणात थांबला. तो उतरायच्या आधीच मागचं शॉकअप हळूच वर आलं.

"बस की जरा," तो म्हणाला.

उजाडेपर्यंत तो पायरीवर बसून होता.

सकाळी अमोल आला. मीही तिथंच होतो, चहाला. पोराने सवयीने आधी चेनखाली बोटं घातली आणि मोतीरामकडे पाहिलं. "मामा, चार बोटं सैल हाय. ही वर माणूस बसवून ताणलीय. रातच्याला रस्त्यात कोण बसलं होतं?"

मोतीराम कपात चहा ओतत राहिला.

"थांबा, आवळून देतो. अशी एकटा घेऊन निघालो तर पहिल्याच खड्ड्यात उतरंल."

"राहू दे," मोतीराम म्हणाला. "गाडीबी राहू दे. तू चहा घे."

त्या दिवसापासून तो पुन्हा बाहेर पडायला लागला. बाजाराला जातो, कीर्तनाला जातो.

काका थांबले. गच्चीवर कुणी हसलं नाही. चैतालीने हळूच विचारलं, "मग ती चेन?"

"परवाच बोटं घालून पाहिली मी. गाडी उभी होती, रिकामी. चारच बोटं सैल. दोन वर्षांत पाना लावलेला नाय. सायखेड्याचे रस्ते तुला ठाऊक हायेत, पोरी. मागं कुणी बसलेलं नसलं तर एवढी सैल चेन दोन दिवस टिकत नाय."

"आणि?"

"अजून एकदाबी उतरली नाय."