तीनशे पावलं

शर्यतीच्या टेबलावर तिला सांगण्यात आलं, की एकट्या माणसाला धावता येणार नाही.

"का नाही? गेले सहा आठवडे मी एकटीच धावतेय."

"बाई, ही जोडीची शर्यत आहे," टेबलामागचे गृहस्थ म्हणाले आणि त्यांनी हातभर लांबीची एक निळी फीत वर धरून दाखवली. एक टोक एकाच्या मनगटाला, दुसरं दुसऱ्याच्या. फीत तुटली की जोडी बाद. संसारालाही हाच नियम असता, तर बरीच मंडळी पहिल्याच वळणावर मोकळी झाली असती.

तिची जोडीदारीण म्हणजे धाकटी बहीण. आदल्या संध्याकाळी सरावाच्या उत्साहात ती तीन पायऱ्या एकदम उतरली होती आणि आता बादलीत पाय घालून घरी बसली होती.

"चालत असेल तर... मी येतो," मागून आवाज आला.

तिनं वळून पाहिलं. उंच, किडकिडीत, उन्हानं कान भाजलेला एक माणूस. दोन्ही खिसे फुगलेले.

"तुमचाही जोडीदार आला नाही?"

"नाही."

"कोण होता?"

"ठरवलाच नव्हता," तो म्हणाला.

एरवी अशा उत्तरावर तिनं चार प्रश्न विचारले असते. पण सुटायला सात मिनिटं उरली होती, आणि आज हरणं तिला परवडणारं नव्हतं. घड्याळदुरुस्तीचं दुकान वडिलांमागे ती एकटी चालवायची. मावशीनं एक दंतवैद्य शोधून काढला होता. माणूस सज्जन, दात सरळ. फक्त लग्नानंतर बायकोनं दुकान बंद करून त्याच्या दवाखान्यात रुग्णांची नावं पुकारायला बसावं, एवढीच त्याची इच्छा. मावशीला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. "इथे बंद पडलेली घड्याळं, तिथे किडलेले दात. बसायचं दोन्हीकडे खुर्चीवरच ना?" शेवटी पैज लागली. तळ्याकाठची पाच किलोमीटरची शर्यत पस्तीस मिनिटांच्या आत पुरी केली, तर दंतवैद्याचं नाव पुन्हा निघणार नाही. नाही केली, तर दुसऱ्याच दिवशी, रविवारी चारला तो चहाला येणार आणि तिनं होकार द्यायचा. शेवटच्या रेषेवर मावशी स्वतः घड्याळ घेऊन उभी राहणार होती, आणि ते घड्याळ भाचीनंच दुरुस्त करून दिलेलं असल्यामुळे त्याला नावं ठेवायचीही सोय नव्हती.

"खिशात काय आहे?" फीत बांधताना तिनं विचारलं.

"खडे. मी मोजणीदार आहे. जमिनी मोजतो. शंभर पावलं झाली, की उजव्या खिशातला एक खडा डाव्यात."

"धावतानासुद्धा?"

"सवय," तो ओशाळून म्हणाला. "हा रस्ता मीच मोजलाय. मोजायच्या चाकाचा आकडा अडकला होता, म्हणून पायांनी मोजला. बरोब्बर पाच किलोमीटर. एक पाऊल इकडे नाही की तिकडे नाही."

"माझा एक किलोमीटर सहा मिनिटं पंचावन्न सेकंदांत होतो. एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही."

दोघांनी एकमेकांकडे आदरानं पाहिलं. प्रेमाची सुरुवात याहून वाईट ठिकाणाहूनही होते.

शिट्टी वाजली. सकाळचं ऊन अजून कोवळं होतं. तळ्यावरून गार वारा येत होता, बदकं काठाशी डोकी पाण्यात घालून शर्यतीबद्दलचं आपलं मत व्यक्त करत होती. पुढे लाकडी पूल, पुढे पिवळ्या फुलांची उतरण. किलोमीटरची पहिली पाटी बरोबर वेळेवर आली. दुसरीही. तो मध्येच पुटपुटायचा, मध्येच खिशात हात घालायचा.

"बोलत का नाही?"

"बोललो तर मोजणी चुकते."

"मग आज नका मोजू."

त्यानं खिशातला हात बाहेर काढला. मग म्हणाला, "बरं... नाही मोजत." आणि असं म्हणाला, जणू दागिने उतरवून ठेवतोय. मग तिनं धावता धावता मावशीची पैज आणि रविवारचा चहा त्याला सांगून टाकला.

तिसरी पाटी गेली, की रस्ता वस्तीतून जातो. तिच्या दुकानावरूनच. तिथे त्यानं मान खाली घातली, आणि भाजलेले कान आणखी लाल झाले. तिला वाटलं, दम लागला असेल.

मग चौथी पाटी यायला हवी होती. आली नाही. सत्तावीस मिनिटं चाळीस सेकंद. अठ्ठावीस. एकोणतीस! पाटी दिसली तेव्हा एकोणतीस मिनिटं पंधरा सेकंद झाले होते.

"तुमचा रस्ता चुकलाय," ती म्हणाली.

"तुमचं घड्याळ पुढे असेल."

"काय म्हणालात?"

"...नाही. रस्ताच चुकला असेल."

"एक पाऊल इकडे नाही की तिकडे नाही ना?"

त्यानं खिशातले खडे चाचपले. मग धापा टाकत, तळ्याकडे बघत म्हणाला, "मोजत होतो त्या दिवशी तुम्ही दुकानात भिंगातून काहीतरी बघत होतात. एक डोळा मिटून. जिभेचं टोक बाहेर. मी पुढे गेलो. शंभराला खडा टाकायचा असतो... तो टाकला की नाही, ते आठवत नाही. पुढचाही. कदाचित त्याच्या पुढचाही."

"म्हणजे तीनशे पावलं रस्ता लांब झाला? आणि हे मला आत्ता सांगताय?"

"काल सांगायला आलो होतो. परवाही. तुम्ही दोन्ही वेळा भिंगातच होतात."

तिनं एकदम वेग वाढवला. फीत ताणली. त्यानंही वाढवला. उरलेला किलोमीटर दोघं अशा जिवावर उदार होऊन धावली, की बाजूची एक बदकजोडी अदबीनं पाण्यात उतरली. रेष ओलांडली, तेव्हा मावशीनं चष्मा कपाळावर चढवून घड्याळ पाहिलं.

"पस्तीस मिनिटं तेरा सेकंद. अगं, तेराच सेकंद गं! दंतवैद्याला रवा आवडतो की बेसन?"

"मावशीबाई, रस्ता लांब आहे," तो कसाबसा म्हणाला. "चूक माझी. मी लिहून देतो."

"आणि हा कोण?"

"मोजणीदार," ती म्हणाली.

"मोजणीदार, आणि मोजता येत नाही?" मावशीनं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "लिहून काय देतोस? माझ्यासमोर मोज. तिसऱ्या पाटीपासून चौथीपर्यंत. दुपारी. मी बरोबर चालते."

दुपारी मोजणी झाली. म्हणजे झाली नाही. तिसऱ्या पाटीपासून तो ठाकठीक निघाला, मावशी छत्री घेऊन मागे, तीही मनात मोजत. दुकानाच्या पुढे गेल्यावर मावशीनं विचारलं, "किती?" तो म्हणाला, "चारशे." मावशी म्हणाली, "सातशे."

"पुन्हा मोजतो."

पुन्हा चारशे. तिसऱ्यांदा साडेतीनशे. दुकानात ती मान खाली घालून एका घड्याळाचा तोच स्क्रू चौथ्यांदा पिळत होती.

मावशीनं छत्री मिटली. "अगं ए, ते शटर पाड बघू! रस्ता तुझ्या तोंडावरून जातोय म्हणून हा माणूस जन्मभर पाटी शोधत बसेल."

शटर खाली आलं. आत अंधार झाला. चाळीस घड्याळं टिकटिकत होती, आणि बाहेरून पावलं जवळ येत होती. तिच्याही नकळत ती मोजू लागली. सत्त्याण्णव... अठ्ठ्याण्णव... नव्व्याण्णव...

पावलं थांबली. अगदी शटरापाशी.

"थांबलात का?" ती आतून म्हणाली. "शटर तर खाली आहे."

"हो. पण तुम्ही आत आहात, हे मला माहीत आहे ना."

शटराच्या खालच्या फटीतून एक खडा आत सरकला. मग दुसरा. मग... जरा वेळानं तिसरा.

"हे काय?"

"त्या दिवशी राहून गेलेले," तो म्हणाला. "तुमच्याकडेच असू देत. माझ्या खिशात ते टिकायचे नाहीत. आणि उद्या चारला, जर... म्हणजे तुमची हरकत नसेल, तर..."

"चारला म्हणजे चारला," ती म्हणाली. "चार वाजून एक मिनिट नाही."

"अगं, बोलणं झालं असेल तर उघड ते शटर," बाहेरून मावशीचा आवाज आला. "माझ्या हिशेबानं सातशेच होतात. रस्ता लांब होता, पैज तू जिंकलीस. दंतवैद्याला मी कळवते, की आमच्या मुलीचे दात उत्तम आहेत. आणि काय रे, तुला रवा आवडतो की बेसन?"

ती खाली वाकली, तिन्ही खडे उचलून मुठीत धरले. उन्हानं तापून ते अजून गरम होते. मग तिनं शटर वर उचललं. आत वळून पाहिलं, तर चाळीस घड्याळांच्या काचांत चाळीस मोजणीदार एकदम उभे राहिले, सगळे लाल कानांचे.

तेव्हा नेमके किती वाजले होते, हे मात्र तिला आजही सांगता येत नाही.