काहूनची चिठ्ठी

त्या पत्राला मधुकररावांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. पत्र मार्चात आलं होतं आणि आता मे संपत आला होता. रोज सकाळी ते बालवाचनालयाचं कुलूप उघडत, टेबलाचा खण ओढून पत्र तिथंच आहे ना ते बघत आणि खण पुन्हा लोटून देत. उत्तर लिहायला ते बसले नव्हते असं नाही. अकरा वेळा बसले होते. अकराही वेळा 'स. न. वि. वि.' लिहून एखाद्या ओळीवर अडले होते.

वाचनालयातल्या मुलांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्या सुट्टीत, म्हणजे १९७६ सालच्या मे महिन्यात, रोज येणारी मुलं होती चारच. देवकी तेरा वर्षांची, सगळ्यांची पुढारी. मनोहर तिचा धाकटा भाऊ. ओमप्रकाश जरीपटक्याहून सायकल मारत यायचा. आणि चौथी गोपिका. ती कुहीची. आईला बरं नव्हतं म्हणून तिला सुट्टीभर नागपुरात मामाकडे ठेवलं होतं. पहिल्याच दिवशी तिनं "मले ते पुस्तक पाहिजे" म्हटलं आणि मनोहर खो खो हसला. तेव्हापासून ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून नुसती वाचायची. तीन आठवड्यांत ती तीन वाक्यंसुद्धा बोलली नव्हती.

"उद्या कुठं जायचं?" देवकीनं विचारलं.

"अंबाझरी तलावावर!" मनोहर ओरडला.

"अरे यार, इतक्या उन्हात? मेंदू वितळेल तुझा! असला तर!" ओमप्रकाश म्हणाला.

"भांडू नका! चिठ्ठ्यांची फेरी करू!" देवकी म्हणाली.

चिठ्ठ्यांची फेरी ही मधुकररावांची युक्ती. सगळ्यांनी गोल बसायचं. प्रत्येकानं चिठ्ठीवर आपला एक विचार लिहायचा, नाव घालायचं नाही. मग चिठ्ठी उजवीकडे द्यायची. शेजाऱ्यानं तो विचार वाचून त्याखाली आपली भर घालायची. चिठ्ठी आपल्याकडे परत येईपर्यंत कोणी 'नाही' म्हणायचं नाही आणि हसायचं तर मुळीच नाही. मधुकरराव आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासत आले होते. चार माणसांत त्यांना बोलणं जमत नसे. ज्याचा आवाज मोठा त्याचंच खरं होतं, हे त्यांनी फार वेळा पाहिलं होतं.

चिठ्ठ्यांसाठी त्यांनी एका बाजूनं वापरलेले कागद कापून ठेवले होते. देवकीनं एक चिठ्ठी उलटली. "गंमतच आहे! मागे लिहिलंय, 'आपले पत्र मिळाले. एक्केचाळीस पुस्तकांबाबत'..."

"माझ्यापण मागे तेच!" मनोहर म्हणाला.

"आणि माझ्या! काका, हे काय आहे?" ओमप्रकाशनं विचारलं.

मधुकररावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग खण ओढून पत्र मुलांपुढे ठेवलं. वाचनालय चालवणाऱ्या मंडळाचं पत्र होतं ते. 'मार्चच्या मोजणीत एक्केचाळीस पुस्तके गहाळ आढळली. आपला लेखी खुलासा ३१ मेपर्यंत अध्यक्षांकडे अमरावतीस न पोचल्यास वाचनालय बंद करण्यात येईल.' खाली सही होती मंडळाचे चिटणीस भैय्याजी यांची.

"बंद?" देवकी किंचाळली. "आज सत्तावीस तारीख!"

"मीच कुठंतरी ठेवली असतील," मधुकरराव खालच्या आवाजात म्हणाले. "हल्ली माझं लक्ष राहत नाही. काय लिहिणार?"

"अंबाझरी गेली खड्ड्यात! फेरी याच्यावर!" देवकी म्हणाली.

पाच मिनिटं खोलीत नुसती पेन्सिलींची कुरकुर चालली. उकाडा इतका होता की मनोहरच्या नाकावरून घाम टपकून चिठ्ठीवर डाग पडला. मग चिठ्ठ्या फिरू लागल्या. एकीवर 'चोर', एकीवर 'उंदीर', एकीवर 'कोणीतरी घरी नेऊन परत केली नाहीत'. चौथी ओमप्रकाशच्या हातात आली. तिच्यावर एकच शब्द होता, गावाकडच्या बोलीतला 'का?'. 'काहून?'

"काहून!" ओमप्रकाश फिस्सकन हसला. "नाव नाही घातलं, तरी चिठ्ठी कोणाची ते सगळ्या नागपूरला कळलं!"

गोपिकाचे कान तापले. तिनं पुस्तकाची पिशवी उचलली. आता मामीकडे जाऊन खिडकीशी बसायचं आणि दिवस मोजायचे, बस!

"थांब गोपिका," मधुकरराव म्हणाले. त्यांचा मोठा आवाज मुलांनी पहिल्यांदाच ऐकला. "फेरी संपलेली नाही. ओमप्रकाश, नियम काय आहे?"

"हसायचं नाही," ओमप्रकाश पुटपुटला. त्यानं पेन्सिल घेतली. त्या एका शब्दाखाली भर काय घालायची? डोकं खाजवून त्यानं लिहिलं, 'काय काहून?' आणि चिठ्ठी पुढे दिली.

ती फिरून गोपिकाकडे आली. तिनं लिहिलं, 'एक्केचाळीसच काहून? चोर तर समदी नेते.'

देवकीनं ते मोठ्यानं वाचलं आणि ताडकन उठून मोजणीची वही काढली. "अरे! सगळीच्या सगळी एकाच कपाटातली आहेत! त्या खिडकीजवळच्या!"

"त्याच कपाटातली काहून?" मनोहर म्हणाला आणि आपण काय बोललो ते कळून त्यानं जीभ चावली. पण कोणी हसलं नाही.

चौघंही खिडकीकडे धावली. कपाटामागची भिंत पांढरीफटक होती. बाकीच्या भिंती पिवळट.

"दिवाळीच्या आधी तेवढीच भिंत रंगवली होती," मधुकरराव म्हणाले. "ओल आली होती तिथं. मी आजारी होतो, आठवडाभर आलोच नाही. चंपतरावानं चुना मारला. परत आलो तर कपाटात पुस्तकं कमी दिसली, वाटलं मीच कुठंतरी हलवली."

चंपतराव म्हणजे मंडळाच्या कचेरीतला शिपाई.

"मग चुना मारताना पुस्तकं कुठं होती?" देवकीनं विचारलं. मधुकररावांनी मान हलवली. ठाऊक नव्हतं. चंपतरावाला त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. एवढी पुस्तकं हरवली हे चारचौघांत बोलायची त्यांना लाज वाटली होती.

गोपिका अजून खिडकीकडेच बघत होती. खिडकीबाहेर लोखंडी चौकट होती, रिकामी.

"इथं कूलर काहून नाही?" तिनं विचारलं. "साऱ्या गल्लीत हाये. मामाच्या घरी हाये. इथंच काहून नाही?"

तिघं एकमेकांकडे बघू लागली. रोज घाम पुसत बसत होती, पण हा प्रश्न कोणाला पडलाच नव्हता!

"होता," मधुकरराव म्हणाले. "चुन्याच्या वेळीच काढून गोदामात ठेवला. यंदा भैय्याजी म्हणाले, वाचनालय बंदच व्हायचंय, तर कूलर कचेरीत लावू. आजच बसवणार होते."

"मग चंपतरावालाच विचारू! चलो!" ओमप्रकाशनं सायकल काढली.

सीताबर्डीवरची कचेरी दहा मिनिटांवर होती. दोन सायकली, चार मुलं. डांबर मऊ झालं होतं आणि अंगाची लाही होत होती. मधुकरराव दारात उभे राहिले. त्यांना हाक मारावीशी वाटली, पण हाक मारून म्हणायचं काय ते सुचलं नाही.

कचेरीच्या खिडकीत हिरवा पत्र्याचा कूलर बसलेला होता. चंपतराव हातात रबरी नळी घेऊन उभा होता. आतून भैय्याजींचा आवाज आला, "अरे चंपत, यंदा नवा वाळा नको, जुनाच चालेल! पाणी सोड लवकर! जीव चाललाय इथं!"

"काका, आम्हाला जरा माहिती हवी होती," देवकी धापा टाकत म्हणाली.

"माहिती साहेबाले विचारा. जा पोट्टेहो, मले काम करू द्या!" चंपतरावानं नळी कूलरच्या झडपेत खुपसली आणि तोटीकडे वळला.

"काका, ऐका तरी!"

"जा म्हणतो ना!" तोटी फिरली. नळीत गुळगुळ झालं.

तेवढ्यात गोपिका पुढे आली. तिला कोणी ढकललं नव्हतं. "काका जी, दिवाळीले वाचनालयात चुना मारला, तवा पुस्तकं काय्‌त ठेवली होती?"

आपल्या बोलीत कोणी विचारलं तसा चंपतराव थबकला. "काय्‌त म्हंजे? झाकाले कपडा नव्हता बाई. चुना तर उडून राहिला होता. म्हून म्या सारी पुस्तकं त्या कूल..."

त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"पाणी!" देवकी ओरडली. मनोहर दोन्ही पायांनी नळीवर उभा राहिला. ओमप्रकाशनं तोटीवर झडप घातली. गोपिकानं नळी ओढून बाहेर फेकली आणि उरलेलं पाणी फस्सकन तिच्याच अंगावर आलं!

चंपतरावानं कूलरची बाजूची ताटी उचकटली. कोरड्या वाळ्याचा धुरळा उडाला. आत, तळाशी, नीट रचून ठेवलेली पुस्तकं होती! सर्वांत खालच्या चार पुस्तकांच्या कडा तेवढ्या भिजल्या होत्या.

"मोज!" देवकी म्हणाली.

"एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस!" मनोहरनं उडी मारली.

गलका ऐकून भैय्याजी बाहेर आले. "काय चाललंय? चंपत, हे काय?"

"तुमीच तर म्हनलं साहेब, कूलर आजच्या आज गोदामात टाक! हमाल घेऊन गेले. मी दुसऱ्या दिवशी गावाले गेलो ना, इसरूनच गेलो!"

"मग मोजणीच्या वेळी बोलला का नाहीस?"

"मले कुनी इचारलंच नाही जी."

गोपिकानं ओले केस मागे सारले. "तुम्ही काहून नाही विचारलं?"

भैय्याजींनी रुमालानं मान पुसली, कपाळ पुसलं, मग पुन्हा मान पुसली. शेवटी म्हणाले, "चुकलंच पोरी. पत्र लिहिण्याआधी विचारायला हवं होतं. शाबास! चौघांनाही शाबास! पण लेखी खुलासा मात्र अमरावतीला गेलाच पाहिजे हं. कागदाशिवाय अध्यक्ष ऐकणार नाहीत. आणि कूलर... चंपत, तो वाचनालयात नेऊन लाव."

पुस्तकं रिक्षातून परत आली. मधुकररावांनी एकेक हातात घेतलं, पान उघडून बघितलं आणि जागेवर ठेवलं.

"आता लिहा काका!" ओमप्रकाश म्हणाला.

ते बसले. 'स. न. वि. वि.' लिहिलं. थांबले. "पुस्तकं तुम्ही शोधलीत. मी त्यात काय केलं? काय लिहू?"

गोपिकानं कागद त्यांच्यापुढून ओढून घेतला आणि एक वाक्य लिहून उजवीकडे सरकवला. देवकीनं दुसरं लिहिलं, ओमप्रकाशनं तिसरं. मनोहरनं चुका करत चौथं लिहिलं. कागद फिरून मधुकररावांकडे आला. पुस्तकं कशी गेली, कशी सापडली, सगळं लिहून झालं होतं. राहिली होती फक्त शेवटची ओळ. या वेळी त्यांचा हात अडला नाही. 'अडीच महिने मी कोणालाच विचारले नाही, एवढी चूक माझी आहे.'

तिघं आपापल्या घरी गेली. गोपिकाचं घर टपालपेटीच्या वाटेवर होतं, म्हणून ती मधुकररावांबरोबर निघाली. ऊन उतरलं होतं. रस्त्यात फारसं कोणी नव्हतं.

"परवा मी कुहीले जाते," ती म्हणाली. "आईले बरं वाटून राहिलं आता."

"छान झालं," ते म्हणाले. मग दहा-बारा पावलं चालून गेल्यावर म्हणाले, "मी चिठ्ठ्यांची फेरी काढली, पण प्रश्न कसा विचारायचा ते तू शिकवलंस. मला पूर्वीच जमायला हवं होतं."

गोपिका त्यांच्या जवळून चालू लागली.

पेटीवर पुढच्या टपालाची वेळ लिहिली होती, साडेपाच. मधुकररावांनी पाकिटावरचा पत्ता एकदा वाचला. पुन्हा एकदा वाचायला चष्मा सारखा केला, पण वाचला नाही. त्यांनी पाकीट आत सोडलं.