चौदावी पट्टी

गल्लीत एकेचाळीस दारं, सहा दगडी कमानी, एक बुजवलेली विहीर आणि भेगा पडलेली चौदा घरं. तीनशे वर्षांपूर्वी इथून तोफा ओढत नेल्या होत्या. त्यांच्या चाकांच्या खाचा फरशीत अजून बोट बुडेल इतक्या खोल होत्या. पाहणीला आलेल्या तरुण इंजिनियर मुलीने महिन्यापूर्वी प्रत्येक घरातल्या भेगेवर काचेची एक पट्टी आडवी बसवून तिची दोन्ही टोकं सिमेंटने पक्की केली होती. पट्टी बरोबर दीडशे मिलिमीटरची. भिंत केसभर हलली तरी काच तडकणार, आणि तडकली की घर त्याच दिवशी रिकामं करायचं, असा नियम.

तेरा पट्ट्या तडकल्या होत्या. तेरा घरांना कुलपं लागली होती.

चौदावी शिंप्याच्या घरात. दुपारचं ऊन उंबऱ्यापर्यंत आलं होतं. शिंप्याची बायको भेगेला उजवा खांदा टेकून काजं करत बसली होती. चाळीस वर्षं तिची बैठक तीच.

“शाबूत आहे ना, ताई?” शिंप्याने विचारलं. “मग लिहा तसं. या वयात कुठे बिऱ्हाड हलवू? मशीनचे पाय आणि माझे पाय, दोन्ही एकाच वेळी गंजलेत.”

काचेवर ओरखडाही नव्हता. सवयीने इंजिनियर मुलीने टेपने भेग मोजली. चार मिलिमीटरची एकोणीस झाली होती.

मग काच मोजली. एकशे पासष्ट.

खात्रीसाठी पोलादी मोजपट्टी लावली. एकशे पासष्ट.

तिने काचेवर बोट ठेवलं. काच कोमट होती. अंगासारखी.

“काका, भिंत सरकलीय. घर सोडावं लागेल.”

“काच कुठे तडकलीय? नियम तुमचाच.”

“काच लांब झालीय.”

बायको दातांत दोरा धरून हसली. “ऐका! आजवर ह्यांचं कापड आटायचं, आता काच वाढायला लागली.”

शिंपी हसला नाही. “टेप खोटी असेल. माझीही हल्ली दगा देते. हिच्या कोटाची उजवी बाही महिन्याभरात तोकडी पडली. डावी नाही.” तो थांबला. “तुमच्या टेपने हिचे हात मोजा. सारखे भरले तर टेप खरी. आम्ही आजच निघतो.”

“आणि नाही भरले तर?”

“तर शाबूत लिहायचं.”

बायकोने काम खाली ठेवलं, हात पुढे केले. खांदा भिंतीवरून उचलला नाही.

मुलीला ते सारखे भरायला हवे होते.

डावा हात, खांद्यापासून मनगटापर्यंत, पाचशे वीस मिलिमीटर.

उजवा, पाचशे पस्तीस.