तेलाच्या बाटलीमागची पुडी

नखं कापायची ती आता वर्षातून एकदा, दिवाळीच्या अभ्यंगाच्या आदल्या दिवशी. म्हणून भर श्रावणात तेलाच्या बाटलीमागे कागदाची पुडी सापडली आणि तीत ताजी कापलेली नखं निघाली, तेव्हा निवृत्त ग्रंथपाल वामनराव नाडगौडांनी ती उजेडात धरून पाहिली. म्हणजे बायकोनं, कुमुदनं, थोपपट्टी काढली होती तर.

साठीनंतर प्रत्येकाच्या दंडावर ही पट्टी असे. पेशीच्या आवरणाला सूक्ष्म दारं असतात. त्यांतून पोटॅशियमचे विद्युतभारित कण ये-जा करतात आणि पेशीत विजेचा ताण टिकून राहतो. विभागण्याआधी पेशी हा ताण सैल करते. कर्करोगाची पेशी तो सैलच ठेवते, म्हणून विभागतच राहते. पट्टी ती दारं धरून ठेवी आणि ताण उतरू देत नसे. गाठ मरत नसे, नुसती झोपून राही. केस यातून सुटले. नखांची मुळं मात्र गाठींबरोबर थोपली गेली.

कुमुदच्या छातीत अशी एक गाठ नऊ वर्षं झोपली होती. वामनरावांच्या यकृतातही एक होती.

"तुझी पट्टी बघू."

"बघा की. घरातली पुस्तकं संपली वाटतं?" कुमुदनं बाही वर केली. पट्टी जागच्या जागी होती. वामनरावांना वाटलं, आत्ताच चिकटवली असेल. दुपारीच ते तिला घेऊन डॉक्टर शर्वाणीकडे गेले.

"काका, काकूंची पट्टी एक दिवसही निघालेली नाही."

"मग ती फसत असेल."

"फसते कधीकधी. वर्षानुवर्षं दारं अडवली की काहींच्या पेशी दुसरीच दारं उघडतात, सोडियमची, कॅल्शियमची. ती पट्टीला ओळखू येत नाहीत."

"तेच म्हणतोय मी. हिचं तसंच झालंय आणि ही लपवतेय."

शर्वाणीनं कुमुदकडे पाहिलं. कुमुदनं पदर सारखा केला.

"रोज तुमच्या पायांना तेल कोण लावतं?" ती हळूच म्हणाली. "तुमचं डोकं पुस्तकात. पाय कुणाचे, त्यांची नखं कोण कापतं, याचीही शुद्ध नसते."

वामनराव चपलांकडे बघत राहिले. मग त्यांना मुद्दा सापडला.

"पायाची वाढली म्हणतेस, तर हाताची का नाही वाढली?"

दोघी त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की, आपली तर्जनी दातांत आहे.

विचार करताना नखं कुरतडायची सवय लहानपणची. नऊ वर्षांपूर्वी पट्टी लागली आणि कुरतडायला काही उरलं नाही, म्हणून ती सुटली होती. परत कधी लागली, ते त्यांना काही केल्या आठवेना.