बायजाबाईचा धवला

"सर, मेलेल्या बाईला लग्नात गायला लावता येतं का?"

हे विचारायची किमयाची छाती होणार नाय, अशी पैज वर्गातल्या हेमांगीनं लावली होती. गेल्या वर्षापर्यंत झालीही नसती. पण वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस मिळाल्यापासून किमया कुणाचं म्हणून ऐकत नव्हती. पेणच्या शाळेतली कॉम्प्युटर लॅब खिदळली. धनेश सरही हसले. मग म्हणाले, त्या बाईचा व्हिडिओ असेल तर त्यातला आवाज वेगळा काढ. एमपीथ्री करू नकोस, त्यात आवाज छाटला जातो. फ्लॅक कर. व्हिडिओत आहे तेवढं सगळं येईल, कणभर गळणार नाही.

किमयाला तेच हवं होतं. तिच्या ताईची, नम्रताची हळद तोंडावर आली होती. त्यांच्या गावात, जोह्यात, हळदीला धवला लागतोच. धवलारीण एकेक ओळ गाऊन देवांना बोलावते, मागच्या बायका ती ओळ झेलतात. पण गावची धवलारीण बायजाबाई गेल्या गणपतीत वारली. बाबा म्हणाले, डीजे हाय की. तेव्हापासून आई त्यांच्याशी धड बोलत नव्हती.

वरसे गावच्या मावसबहिणीच्या लग्नात बायजाबाईच गायली होती. तो व्हिडिओ पेनड्राइव्हवर घेऊन किमया दुपारची बाबांच्या कारखान्यात लॅपटॉप उघडून बसली. भोवती गणपतींच्या रांगा, अजून डोळे न आखलेल्या. ओल्या मातीचा वास. व्हिडिओत म्हातारी खणखणीत गात होती आणि मागे बायकांचा घोळका. आवाज वेगळा काढायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही.

तिनं हेडफोन लावले.

बायजाबाईची ओळ आली. मग काहीच नाही. बायका नव्हत्याच. आवाजाच्या आलेखात त्यांच्या जागी नुसती सरळ रेघ. किमयानं दुसऱ्या सॉफ्टवेअरनं पुन्हा काढून बघितलं. तेच, फक्त रेघ आता लांबली होती. आणि त्या शांततेत श्वास ऐकू येत होता. वाट बघणाऱ्या माणसाचा.

गंमत म्हणून किमयानं ओळ झेलली, चांगली मोठ्यानं.

लगेच पुढची आली. "मांडवाचे दारी गो, नम्रता उभी..."

लग्न मावसबहिणीचं. नम्रताचं नाव त्या व्हिडिओत कुठेच नव्हतं.

तिनं लॅपटॉप मिटला, हेडफोन काढून फेकले.

कारखान्यासमोरच्या अंगणात नम्रता फोनवर होती. नवरा मुलगा डोलवीला कंपनीत, त्याला शिफ्ट विचारत होती. "उद्या तू..." एवढं म्हणून ती थांबली. हात केसांतच राहिला. तोंड उघडं. डोळ्याच्या कडेला माशी येऊन बसली, तरी पापणी लवली नाही. फोनमधून तो हॅलो हॅलो करत होता.

धवला मध्येच सोडला की नवरी मध्येच राहते, असं बायजाबाई म्हणायची. पोरी हसायच्या.

किमयानं नम्रताची ती ओळ म्हटली.

"...लवकर ये," नम्रता म्हणाली, आणि केस मागे सारले.

मिटलेल्या लॅपटॉपकडून पुढची ओळ आली.

किमयानं झेलली. मग त्याच्या पुढची. ऊन कलेपर्यंत ती झेलत राहिली. धवला संपत नव्हता.

मग एक ओळ आलीच नाही.

ती किमयाच्याच तोंडून निघाली.

दिवेलागणीला आईबाबा पडवीत हळदीचं सामान बघत होते. किमया त्यांच्यासमोर उभी राहून एकेक वाक्य सुटं बोलू लागली.

"डीजे नको."

"फाईलपण नको."

"धवला मी म्हणणार."

"ताईच्या हळदीला, आणि पुढं गावात होतील तेवढ्या हळदींना."

बाबा हसायला गेले, पण हसले नाहीत. आई लेकीकडे बघत राहिली.

"म्हण गो बाय," ती हळूच म्हणाली. "पन बोलताना अशी मधी मधी गप कशाला होतेस?"

किमया गप होत नव्हती. मागच्या बायकांचं झेलून होईपर्यंत थांबत होती.