रिकामी ओळ

अप्पांचा संगणक मी भंगारात देणार होते. चौदा वर्षांचं ते धूड सुरू व्हायलाच वीस मिनिटं घ्यायचं. पण अप्पा आयुष्यभर लेथवर उभे राहिलेले. त्यांच्या मते बिघडलेली वस्तू जगात नसतेच, आळशी मेकॅनिक असतो.

"तू तंत्रशाळेतले चाळीस संगणक सांभाळतेस म्हणे," ते म्हणाले. "घरचा एक जमत नाही?"

त्यामुळे गुरुवारी सुट्टी टाकली. जुनं सगळं पुसून एक हलकी लिनक्स सिस्टीम बसवली. म्हाताऱ्या यंत्राला झेपेल अशी. पुन्हा चालू केला तर काळ्या पडद्यावर एकच वाक्य: असा विभाग सापडत नाही. यात नवल काहीच नव्हतं. संगणक जागा होताना आधी बूट लोडर नावाचा छोटा प्रोग्रॅम उठतो आणि कुठली सिस्टीम चालू करायची ते ठरवतो. तो चुकीच्या दारावर टकटक करत होता, एवढंच. पेनड्राइव्हवरून शिरले, बूट लोडर नव्याने बसवला.

या वेळी मेनू आला. पहिली ओळ नव्या सिस्टीमची, दुसरी मेमरी तपासणीची. त्याखाली तिसरी ओळ होती आणि ती रिकामी होती. निवडीचा पांढरा पट्टा नेमका तिच्यावर होता. तळाशी लिहिलेलं: निवडलेली ओळ आपोआप सुरू होईल, ५,३१,२४० सेकंदांत.

तिथे पाच सेकंद असायला हवे होते. मीच लिहिले होते.

वर बाण दाबून नवी सिस्टीम उघडली, सेटिंगची फाइल पाहिली. पाचच होते. ओळीही दोनच. संगणक बंद केला आणि जेवायला गेले. सव्वा तासाच्या आत परतले, घड्याळ लावून चालू केला. आकडा मधल्या वेळाएवढाच उतरला होता, सेकंदाला सेकंद. बंद असतानाही तो मोजत होता.

आत घड्याळासाठी बटणाएवढा सेल असतो. तो काढून ठेवला. फरक नाही.

आमच्या शाळेचे सर्व्हर बघणारा माझा जुना सहकारी आहे, आम्ही त्याला भिंग म्हणतो. त्याला पडद्याचा फोटो आणि फाइल पाठवली. थोड्या वेळाने त्याचा फोन आला.

"फाइल बरोबर आहे. फोटो खोटा आहे."

"मी समोर बसलेय रे."

"मग डिस्क काढ आणि चालू कर. मेनू डिस्कवरच असतो. डिस्क नाही तर मेनू नाही."

डिस्क काढली. ती माझ्या मांडीवर असताना बटण दाबलं. मेनू आला. वरच्या दोन ओळी गेल्या होत्या. रिकामी ओळ होती आणि खाली आकडा होता.

भिंगाला सांगितलं. तो म्हणाला, "एंटर दाबून बघू नकोस."

तेवढं मलाही कळत होतं. काय उठणार ते माहीत नसताना एंटर दाबायचा नाही, हा धंद्यातला पहिला नियम. हिशेब मात्र मांडला. पुढचा बुधवार, दुपारचे दोन चौतीस.

अप्पांना यातलं काही सांगितलं नव्हतं. संगणक माझ्या खोलीत होता, ते त्यांच्या. शुक्रवारी सकाळी चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "चिमे, बुधवारी दुपारी घरी आहेस ना?"

"का?"

"असंच. असलीस तर बरं."

मला भीती नाही वाटली, राग आला. कुणीतरी माझ्या टेबलावर माझ्याच घरच्या माणसाची वेळ मांडून बसलं होतं आणि मला विचारलंही नव्हतं.

रविवारी डिस्क परत लावली आणि चुकून बाण दाबला. आकडा नाहीसा झाला, तसा तो होतोच. मेनूत कुठलंही बटण दाबलं की उलटी मोजणी थांबते. एरवी मी लगेच सिस्टीम उघडायचे. त्या दिवशी चहा घेत दहा मिनिटं तशीच बसले. नंतर बंद करून चालू केला, तर ती दहा मिनिटं आकड्यातून वजा झालेली नव्हती. वेळ पुढे सरकली होती. दोन चव्वेचाळीस.

दुपारी अप्पा म्हणाले, "सकाळी चहाच्या वेळी फार बरं वाटलं बघ. कुणी पाठीला उशी लावावी तसं."

सोमवारी त्यांनी जेवण सोडलं. डॉक्टर आले, नाडी बघितली, दारात थांबून म्हणाले, "आजार असा नाही. वय आहे." दादा-वहिनी मंगळवारी आले. दादाने एकदा माझ्या खोलीत डोकावून पडद्याकडे पाहिलं.

"हे काय खूळ आहे?"

"काम चालू आहे."

"अप्पा असे पडलेत आणि तू खेळणी उघडून बसलीस? अगं, त्यांच्याजवळ बस. आता सुखाने जाऊ दे त्यांना."

"आईच्या वेळीही तू हेच म्हणाला होतास," मी म्हणाले. "तेव्हा मी ऐकलं होतं."

बुधवारी दुपारी मी संगणक उचलून अप्पांच्या खोलीत आणला. पडदा, कीबोर्ड, वायरी, सगळं. वहिनी रडायची थांबून बघत राहिली. दादा संतापला. "लाज वाटते का?" मी वायरी जोडत होते. नाही, वाटत नव्हती. मी लेथवाल्याची लेक. माझ्यासमोर यंत्र आपल्या मनाने चालणार नाही.

बॅटरी बॅकअप लावला. बटण दाबलं. चारशे बारा.

खोलीत ऊन होतं. अप्पांचा श्वास मध्येच थांबायचा, आणि थांबला की बराच वेळ थांबायचा. दादाने त्यांचे पाय धरले होते. मी पलंगापासून चार हात लांब, पडद्यासमोर.

शंभर.

मी लवकर दाबू शकले असते. पण ते काय करतं ते मला बघायचं होतं. त्यालाही दिसू दे, कोण बसलंय समोर.

वीस.

अप्पांचा श्वास थांबला. दादा म्हणाला, "गेले."

नऊ. आठ.

पांढऱ्या पट्ट्याच्या आत, रिकाम्या ओळीत, काहीतरी टाइप होऊ लागलं. एक अक्षर. मी वाचलं नाही. वाचायला नजर दिली असती तर बोट चुकलं असतं.

तीन.

बाण दाबला.

आकडा गेला. पट्टा जागच्या जागी राहिला.

पलंगावरून कोरडा आवाज आला.

"चिमे."

"हां, अप्पा."

"हात सोड गं."

दादा माझ्याकडे बघत होता. माझे दोन्ही हात कीबोर्डवर होते.

"नाही सोडणार," मी म्हणाले.

अप्पांनी माझ्याकडे मान वळवली आणि डोळे मिटले. श्वास चालू होता. एकसारखा, मोजल्यासारखा.

याला आता चाळीस दिवस झाले. डॉक्टर दोनदा येऊन गेले, चकित झाले, मान हलवून गेले. दादा फोनवर हल्ली मला काही बोलत नाही, फक्त अप्पांना द्यायला सांगतो. अप्पा खिडकीशी बसतात, वर्तमानपत्र वाचतात, भिंगाशी यंत्रांवरून वाद घालतात. मला मात्र त्यानंतर एकदाही चिमे म्हणाले नाहीत. संगणक त्यांच्या खोलीत चालू असतो. दोन बॅकअप लावलेत. पट्ट्यातलं ते एक अक्षर मी चिकटपट्टीने झाकलंय. लोक विचारतात, किती दिवस असं चालवणार? मी म्हणते, चालेल तितके. मला पश्चात्ताप नाही.

फक्त रविवारी नेलकटर घेऊन त्यांच्यापुढे बसते आणि तसंच परत ठेवते. त्या बुधवारी सकाळी घाईत त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख माझ्याकडून तिरकं कापलं गेलं होतं. ते जराही वाढलेलं नाही, अजून तसंच तिरकं आहे, आणि कडेला कापलेल्या जागी हात लावला तर अजून टोचतं.