तिसरी जाहिरात

आपला रविवार

लुदिया त्याला पहिल्यांदा बघून हसली, ती त्याच्या भुवयांना.

मोटारसायकलवरून दोघं उतरले. पुढं तो, मागं पाळकसाहेब. उमापूरच्या वाटेवर घोट्याएवढा फुफाटा. पाळकसाहेबांनी तोंडाला उपरणं गुंडाळलेलं. त्यानं काहीच नाही. भुवया, पापण्या, मिशी... सगळं पिठातून काढल्यासारखं पांढरं.

"वाटेतच म्हातारे झालात की," ती म्हणाली.

"बरंच झालं. म्हाताऱ्यांना इथं जेवायला मिळतंय म्हणं."

मिळत होतं खरं. उमापूर आणि गेवराई, दोन्हीकडच्या लुथरन ख्रिस्ती मंडळ्या लहान. दोघींना मिळून एकच पाळक. एक रविवार इकडं, एक तिकडं. पावसानं सलग तिसऱ्या वर्षी पाठ फिरवली, तेव्हा दोघींनी चूलही एकच केली. गेवराईनं ज्वारी धाडायची, उमापूरनं भाकरी थापायच्या, आणि ज्यांची लेकरं पोटामागं परमुलखात गेली त्या म्हाताऱ्यांना देवळाच्या पडवीत जेवू घालायचं. कुठल्या देवाचा, कुठल्या जातीचा, विचारायचं नाही. भाकरी लुदियाकडं. ज्वारीचं पोतं आणि पाळक, दोन्ही आणायचं काम आसारामकडं.

गेवराईचा रविवार

पाळक नाही. पोतं नाही. तो नाही.

दोन भाकरी करपल्या.

आपला रविवार

तो चुलीजवळ बसला. जवळचा सहकारी कारखाना उसाअभावी यंदा पेटणारच नव्हता, तिथलं त्याचं वजनकाट्यावरचं काम गेलं होतं. हे त्यानं सांगितलं ते भाकरीकडं बघत... का तिच्या हाताकडं, देव जाणे.

पडवीत छबुबाई जेवत होती. लेक पुण्याकडं, सून पुण्याकडं, घरात फक्त कुलूप आणि ती. ती म्हणाली, "ह्याला वाढताना लई येळ लागतोय गं तुला. आमाला तर फेकून मारतीस."

लुदियानं पदरानं तोंड पुसलं. घाम नव्हता तरी.

आपला, गेवराईचा, आपला, गेवराईचा

आभाळ भरून यायचं आणि रिकामंच पुढं जायचं. ती मात्र आता रविवार मोजताना मधला एक सोडूनच मोजायची.

आपला रविवार

पोतं उतरवून तो तिथंच घोटाळला. मग म्हणाला, यंदा उसाला जातोय, लांबच्या कारखान्यावर. मुकादम म्हणतो जोडीनं ये. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, अर्ध्याला कुणी विचारत नाही... तर... लगीन करती का माझ्यासंग?

सगळं एका दमात. पाहिजे होती ती बायको का कोयत्याचा दुसरा अर्धा, हे तिला कळेना. पण गडी पापणी न हलवता उभा होता. ती हो म्हणाली, आणि 'हो' म्हणता म्हणताच मनात कुसळ रुतलं.

जाहिरात

मंडळीत लग्न ठरलं की उपासनेत तीनदा जाहिरात होते. पाळक नावं वाचतात आणि विचारतात, कोणाची हरकत आहे काय? क्षणभर थांबतात, पुढचं गीत सांगतात. हरकत कधी कोणाची नसते. विचारायची रीत, एवढंच.

पहिली झाली. पंधरा दिवसांनी दुसरी झाली.

तिसरी आली तो ऊसतोडीचा ट्रक भरायच्या आधीचा शेवटचा रविवार. सोमवारी लग्न, मंगळवारी ट्रक. त्या दिवशी छबुबाई जेवणाच्या वेळेआधीच आली आणि मागच्या सतरंजीवर टेकली. रीत तिला ठाऊक नव्हती. विचारलं की उत्तर द्यायचं, इतकंच ठाऊक.

"हरकत? माजी हाय."

सगळ्या माना वळल्या.

"अठ्ठावीस हंगाम कोयता धरला मी. तिसऱ्या हंगामाला फडातच बाळंत झाले, चौथ्या दिशी डोक्यावर मोळी. लगीन खुशाल लावा. पर हा बायको नेतोय का मोळी उचलणारी, तेवढं इचारा त्याला."

एक पंच पुटपुटला, ही आपल्या मंडळीतली नाही, हिची हरकत कशी धरायची? पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं.

"पडवीत आपण हिला विचारलं नाही कोणाची ते," ते म्हणाले. "इथं कसं विचारू? आसाराम, उत्तर दे."

आसाराम उभा राहिला. खोटं बोल, लुदिया मनात म्हणत होती, एवढ्यापुरतं खोटं बोल...

"दोन्ही," तो म्हणाला. "आदी ती आवडली. मग मुकादम आला, मग दोन्ही एकच वाटाया लागलं. कुठलं किती, ते मलाच सांगता यायचं न्हाई. देवाच्या घरात कसं सांगू?"

मग म्हणाला, "ती येणार न्हाई. मी अर्धाच जातो."

हरकत निघाली म्हणून ती जाहिरात धरली नाही. तिसरी पुन्हा वाचायची, तो परतल्यावर. पाच-सहा महिन्यांनी.

मंगळवार

ट्रकमध्ये बायका, शेळ्या, पत्र्याच्या पेट्या. तो मागच्या फळीशी.

"अर्ध्याला अर्धा जोडतेत म्हणं," ती खालून म्हणाली. "तुमाला कोण जोडलंय?"

"घाटनांदूरचा एक बाबा हाय. दाढीवाला."

"दिसायला बरा हाय?"

तो हसला. हसू अर्ध्यात विझलं. "कावून आलीस इथवर?"

"सांगायला. रविवारी तुमी नुसतं 'चल' म्हणला असता ना... मी आले असते. सगळं ऐकूनबी आले असते." तिनं फळीवरच्या त्याच्या हातावर बोटं ठेवली. "लई भ्या वाटलं मला माजं."

त्यानं ती बोटं घट्ट धरली. ट्रक हलला तशी ती चार पावलं सोबत चालली, मग बोटं सुटली.

धूळ खाली बसायला वेळ लागला. बसली तेव्हा रस्त्याच्या कडेला सात-आठ म्हातारी माणसं उभी दिसली, ट्रक गेला त्या दिशेला डोळे लावून. लुदियानं एकेकाजवळ जाऊन सांगितलं, दुपारी पडवीत या. मग ती भराभर घराकडं निघाली. पीठ जास्तीचं मळायचं होतं.